हेलिपॅडवरची पंगत

मंगल थोरवे या बाईला आयुष्यात एकही पद मागून मिळालं नाही, आणि न मागता मिळालेलं प्रत्येक पद थेट तिच्या डोक्यावर येऊन आदळलं. उमापूरच्या अंगाला काटेवस्ती आहे, तिथल्या उपकेंद्रात ती आरोग्यसेविका म्हणून लागली, तेव्हा लेकरांना लस टोचायची आणि बाळंतिणींकडं बघायचं एवढंच काम होतं. पुढं तिला कळलं, की सरकारात ज्या कामाला कुणी वाली नसतो ते काम आरोग्यसेविकेचं असतं. रांजणातल्या अळ्या शोधायला मंगल. मतदानाला आलेल्या म्हाताऱ्यांना चक्कर आली तर मंगल. शाळेतल्या पोरांना हात धुवायला शिकवायलाही मंगलच, भले शाळेच्या नळाला पाणी नसेना का! आणि यंदा गौरी-गणपती उरकले न उरकले, तोवर तिला आणखी एक पद चिकटलं. हेलिपॅड वैद्यकीय समन्वयक.

हसू नका. काटेवस्तीला धड रस्ता नाही, एसटी फाट्यावरूनच तोंड फिरवून जाते, पण हेलिपॅड होतं. हेलिपॅड म्हणजे काय, तर अर्जुनराव आबांच्या शेतातली कापूस उपटून सपाट केलेली जागा आणि तिच्यावर चुन्यानं काढलेलं गोल.

अर्जुनराव आबा म्हणजे साखर कारखान्याचे माजी चेअरमन आणि भावी बरंच काही. त्यांचा साठावा वाढदिवस होता. गेल्या खेपेला त्यांच्यावर जेसीबीतून फुलं उधळली होती, त्याच्या मागच्या खेपेला क्रेननं हार घातला होता. आता त्याच्या वर काय? वर आकाशच उरलं होतं. मग तानाजीच्या डोक्यात कल्पना आली. तानाजी म्हणजे आबांचा उजवा हात, आणि वस्तीतल्या प्रत्येक फ्लेक्सवर खालच्या कोपऱ्यात गॉगल घालून उभा असलेला माणूस. 'ज्या माउलींनी जन्मभर वाकून ऊस तोडला, त्या माउलींना आबा दाखवणार आकाश!' असे फ्लेक्स थेट चौसाळ्यापर्यंत लागले. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघायच्या आधी, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना हेलिकॉप्टरची एकेक फेरी. माउलींना जमिनीवर काय काय हवंय, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण आकाश हवं असणार, यावर तानाजीचं आणि आबांचं एकमत झालं.

हेलिकॉप्टर उतरवायचं तर परवानगी लागते, आणि परवानगीला अटी असतात. पोलीस पाहिजे, बंब पाहिजे, धूळ बसवायला टँकर पाहिजे, डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स पाहिजे. शिवाय वर कुणाला काही झालं, तर पायलट खाली कळवणार, आणि खाली डॉक्टर, गाडी, वाट सगळं तयार ठेवायला एक जबाबदार माणूस पाहिजे. मोठ्या विमानतळांवर म्हणे याच कामाला आख्खी खोली असते, भिंतीभर फोन असतात, पाळ्या लावून माणसं बसतात. काटेवस्तीत मंगल होती आणि तिच्या गळ्यात शाळेतून मागून आणलेली शिट्टी होती.

आदल्या दिवशी मंगलनं तानाजीला गाठलं. "तानाजीभाऊ, ॲम्ब्युलन्सच्या म्होरची वाट मोकळी ठेवा. बाकी काय बी करा."

"ताई, टेन्शन कावून घेताय? व्हऊन जाईल," तानाजी म्हणाला. आमच्या जिल्ह्यात 'होऊन जाईल' असं ज्या कामाला म्हणतात, ते काम तिथंच संपलेलं असतं. मंगलला हे माहीत होतं, म्हणून ती तीनदा म्हणाली आणि त्यानं तीनदा तेच सांगितलं.

पण तिची खरी काळजी घरातच होती. तिची सासू भिवराबाई. पाठीत वाकलेली, जिभेनं सरळ. तिला साखरेचा आजार होता, रोज सकाळी गोळी असायची. गोळी सासूच्या तोंडात घालणं हे मंगलच्या नोकरीतलं सगळ्यांत अवघड काम होतं, आणि त्याचा पगार सरकार देत नव्हतं.

"आत्या, तुमी जाऊ नका," मंगलनं सांगून पाहिलं. "वर चक्कर आली तर काय करचाल?"

"कारखान्याला ट्रॉलीत उसावर बसून गेलते, तवा न्हाई आली चक्कर. आता खुर्चीवर बसून येती व्हय?" भिवराबाईनं पदर खोचला. "अन् तू हायेस की खाली, शिट्टी वाजवाया."

सकाळी मंगलनं नऊ म्हाताऱ्या ओळीनं बसवून त्यांचे रक्तदाब तपासले. प्रत्येकीला विचारलं, "गोळी घेतली का? काही खाल्लं का?" नऊच्या नऊ जणींनी एकाच सुरात सांगितलं, "भाकर खाल्ली." तिथंच खरं तर ओळखायला पाहिजे होतं. नऊ बायकांचं एका गोष्टीवर एकमत झालं की समजावं, आदल्या संध्याकाळी देवळात बैठक झालीय.

आणि झालीच होती. वर जायचं म्हणजे देवाच्या दारावरून जायचं, मग खरकट्या तोंडानं कसं जायचं? तर सगळ्यांनी निर्जळी उपास धरायचा, असं ठरलं. वर तानाजीनं भर घातली होती, "जी अशक्त दिसंल तिला डॉक्टरीणबाई खालीच ठेवणार हायेत." झालं! मग कोण कशाला खरं सांगतंय? भिवराबाईनं मंगलच्या धाकानं गोळी तेवढी इमानदारीनं घेतली होती. भाकर मात्र चुलीपाशीच राहिली.

मैदानावर पोचल्यावर मंगलला पहिला झटका बसला. कमानीच्या दोन्ही अंगांना दोन जेसीबी उभे होते, त्यांच्या सोंडेत झेंडूची फुलं शिगोशीग. आणि त्या दोन जेसीबींच्या मागे, चिमटीत धरल्यासारखी, ॲम्ब्युलन्स.

"पंडितभाऊ!" तिनं ड्रायव्हरला हाक मारली. "गाडी भाहेर कशी काढायची?"

"काढायची कशाला?" पंडित म्हणाला. "फोटोत दिसती की."

तिनं मागचं दार उघडलं, तर दुसरा झटका. आत शाली रचलेल्या, नारळाची पोती, पेढ्यांचे बॉक्स. तंबूत ऊन लागतं आणि गाडीला एसी असतो, हा तानाजीचा विचार. आणि स्ट्रेचरवर? स्ट्रेचरवर केक. स्ट्रेचरभर लांब केक, त्यावर क्रीममध्ये काढलेला आबांचा हसरा चेहरा.

"टेबल मोडलं ना ताई," पंडितनं खुलासा केला. "म्हणलं, हे तर रिकामंच हाय."

मंगल भांडली. पोलिसाकडं गेली, तो म्हणाला, आयोजकांना विचारा. आयोजक म्हणजे तानाजी. तो म्हणाला, फुलं पडली की लगेच काढतो. ड्युटीवर आलेल्या डॉक्टर सायली नवीन होत्या, चांगल्या होत्या, पण त्यांना कुणीतरी फेटा बांधून स्टेजवर बसवलं होतं आणि सत्कार होईपर्यंत उठू देत नव्हतं. ज्या डॉक्टरला हेलिपॅडवर उभं राहायचं होतं, ती डॉक्टर मोराच्या तुऱ्यासकट दुसऱ्या रांगेत बसली होती.

पहिल्या दोन फेऱ्या बिनबोभाट झाल्या. खाली उतरून एक आजी म्हणाली, "आपलं घर काय दिसलं न्हाई बया. पर भावकीचं दिसलं," आणि तिचं तोंड दिवसभरासाठी उतरलं. तिसऱ्या फेरीला आबा स्वतः बसले, कारण व्हिडिओ काढायचा होता. व्हिडिओवाल्याला वाकलेली पाठ पाहिजे होती, म्हणून भिवराबाईला आबांच्या शेजारी बसवलं. हेलिकॉप्टर वर गेलं. हलगीवाले तयार झाले, कारण आता उतरतील ते आबा. जेसीबीवाल्यांनी सोंडा उचलल्या. पलीकडच्या मंडपात जेवण झाकून ठेवलं होतं, पण सगळं पब्लिक चुन्याच्या गोलाकडं सरकलं.

आणि तेवढ्यात हेलिकॉप्टर कंपनीचा माणूस कानाला वॉकीटॉकी लावून पळत आला. "मॅडम, ऊपर एक माताजी बेहोश है. पायलट वापस ला रहा है. रास्ता खाली करवाइए, जल्दी!"

"कोन माताजी?" मंगलनं विचारलं.

त्यानं वॉकीटॉकीत विचारून सांगितलं, "हरी साडी."

हिरवं लुगडं. सकाळी मंगलनंच निऱ्या सारख्या करून दिल्या होत्या. रोज जिच्याशी गोळीवरून कटकट व्हायची, ती म्हातारी आत्ता डोक्यावर कुठंतरी निपचित पडली होती, आणि इथं खाली तिच्यासाठी केलेली सगळी तयारी फुलांखाली गाडली गेली होती. क्षणभर मंगलला रडूच फुटलं. मग तिनं शिट्टी वाजवली. हलगीच्या दणक्यात तिची शिट्टी तिला स्वतःलाही ऐकू आली नाही.

ती तानाजीकडं धावली. "माणसं मागं घ्या! माझी सासू बेशुद्ध पडलीय वर!"

"आबा हायेत ना संगं?" तानाजी म्हणाला. "मग काय व्हतंय?"

"अहो, मरायलीय ती!"

"ताई, आबा उतरत्यात अन् माणसंच न्हाईत, आसं कसं दिसंल? फुलं पडू द्या, लगेच वाट करतो."

बाईच्या जिवाला लागतील तेवढी मिनिटं, आणि तानाजीला फुलं पाडायला लागतील तेवढी मिनिटं, ती एकच मिनिटं होती. मंगलनं पोलिसाकडं पाहिलं. तो मोबाइल उंच धरून आकाशाचं शूटिंग घेत होता. एवढी गर्दी कुठल्या शब्दानं हलते? 'कृपया' म्हणून हलत नाही, शिव्या देऊन हलत नाही, 'माणूस मरतंय' म्हटलं तर उलट बघायला जवळ येते. मंगल बीड जिल्ह्यात जन्मली, बीड जिल्ह्यात नांदली. तिला तो शब्द माहीत होता.

ती स्टेजवर चढली, निवेदकाच्या हातातला माईक ओढला आणि ओरडली, "मंडळी! पहिली पंगत बसलीय हो! मंडपात चला! गुलाबजामुन मोजून केल्यात, मागनं येनाराला मिळतील याचा भरोसा न्हाई!"

खोटं कशाला बोला, बंदोबस्ताला कितीही माणसं आणली असती तरी हे जमलं नसतं. हलगी मध्येच थांबली. वाजवणारा वाद्य गळ्यातच ठेवून पळाला. बायका लेकरांना काखेत मारून निघाल्या, तरणी पोरं कुंपणावरून गेली, व्हिडिओवाला गेला, पोलीस आधी चालत आणि मग पळत गेला. "आरं थांबा बे! आबा यायलेत!" तानाजी घसा फुटेपर्यंत ओरडत सगळ्यांच्या मागं मंडपाकडं गेला. मैदान असं मोकळं झालं, की फक्त चपला राहिल्या.

मंगलचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. कारण जेसीबीवालेही गेले होते. किल्ल्या खिशात घालून.

"गाडी निघत न्हाई," पंडित म्हणाला.

"मग स्ट्रेचर काढा!"

"केक हाय ना ताई."

मंगलनं स्ट्रेचरची एक बाजू उचलली. केक सावकाश सरकला आणि आबांचा हसरा चेहरा नांगरटीत पालथा पडला. डॉक्टर सायली तोवर स्टेजवरून उडी मारून आल्या होत्या, फेटा तसाच, हातात पिशवी. "मला तिच्यापर्यंत पोचव, बाकी मी बघते," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तिघं स्ट्रेचर घेऊन धावले.

हेलिकॉप्टर टेकलं. पंखा थांबेपर्यंत कंपनीच्या माणसानं सगळ्यांना लांब खाली बसवून ठेवलं, आणि तेवढा वेळ मंगलनं देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिला माहीत. दार उघडलं. आधी आबा उतरले, हात जोडलेले, चेहऱ्यावर गर्दीसाठीचं हसू. समोर मोकळं रान. आबांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. साठ वर्षांत माणसाविना एवढी जमीन त्यांनी पहिल्यांदाच बघितली असेल.

"लोक कुठं गेले?" त्यांनी विचारलं.

"जेवायला," मंगल म्हणाली. "आबा, चौथा कोपरा धरा."

"मी?"

"मग दुसरं कोन हाय इथं?"

आणि आबांनी धरलं. धरणार नाहीत तर काय करतील? पांढऱ्याशुभ्र कपड्यातले माजी चेअरमन, भावी बरंच काही, एका ऊसतोड म्हातारीचं स्ट्रेचर उचलून ढेकळांतून धापा टाकत निघाले. फोटो काढायला कुणी नव्हतं. एवढं एकच खरं काम त्यांच्या हातून त्या दिवशी झालं आणि त्याचाच फोटो नाही, याची हळहळ तानाजीला अजून आहे.

ॲम्ब्युलन्सच्या सावलीत डॉक्टरांनी भिवराबाईच्या बोटाला सुई टोचली. मशीनवरचा आकडा बघून त्या म्हणाल्या, "साखर पार खाली गेलीय. गोळी घेतली, पण खाल्लं काहीच नाही हिनं."

"भाकर खाल्ली म्हणत हुत्या," मंगल म्हणाली.

तोवर मागून उतरलेल्या दोन म्हाताऱ्या जवळ येऊन उभ्या होत्या. त्यातली एक पुटपुटली, "उपास हुता. सगळ्यांचाच. वर जायचं हुतं ना."

मंगलला ओरडायचं होतं, पण वेळ नव्हता. ग्लुकोजची बाटली गाडीत होती, शालींच्या खाली, नारळांच्या मागं. आबांच्या सत्काराच्या शाली मंगलनं एकेक करून मातीत भिरकावल्या. बाटली सापडली. डॉक्टरांनी शीर शोधली. मंगल सासूचा हात घट्ट धरून बसली आणि त्या सुकलेल्या, कोयत्यानं घट्टे पडलेल्या बोटांकडं बघत राहिली. 'आत्या, उठा. रोज कटकट करा माझ्याशी, पण उठा,' असं ती मोठ्यानं म्हणत होती आणि कुणी ऐकतंय याची तिला लाज नव्हती.

भिवराबाईच्या पापण्या हलल्या. तिनं डोळे उघडले, हाताला लागलेली नळी बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "उपास मोडला का गं?"

"मोडला," मंगल रडता रडता म्हणाली. "शिरेतून मोडला."

जेसीबीवाल्याला पंगतीतून उठवून आणायला पंडित गेला. जेसीबीवाला पत्रावळ हातात घेऊन आला आणि खात खातच त्यानं वाट मोकळी केली. गाडी तालुक्याला निघाली, तेव्हा मागं हेलिकॉप्टर पुन्हा सुरू होत होतं. आबा एकटेच वर जाऊन परत उतरणार होते. पब्लिक जेवून आलं होतं, फुलं शिल्लक होती, आणि मघाचं आगमन तानाजीनं रद्द धरलं होतं.

वाटेत पंडितचा फोन वाजला. तो ऐकून मागं वळून म्हणाला, "ताई, तानाजीभाऊ हायेत. फाट्यावर थोडा वेळ थांबा म्हणत्यात. आबा येत्यात. आजींना हार घालायचाय, अन् तुमचा बी सत्कार हाय."

मंगल काही बोलणार, तेवढ्यात भिवराबाईनं गाडीच्या छताकडं बघत विचारलं, "ही गाडी माझ्यासाठीच का गं?"

"व्हय, तुमच्यासाठीच."

"अन् ती डॉक्टरीण?"

"ती बी."

भिवराबाईनं नळी लागलेला हात पोटावर घेतला. मग म्हणाली, "बरं झालं मी वर पडले."

"काय बी काय बोलताय आत्या!"

"खरं बोलते. तुझा सासरा जमिनीवर पडला. उसाच्या फडात, भर दुपारी." मंगल लग्न होऊन आली तेव्हापासून तिला एवढंच सांगितलं होतं, की सासरे कारखान्यावर गेले, देवाची मर्जी. आज म्हातारी पहिल्यांदाच बोलत होती, आवाज अगदी सपाट. "मुकादम म्हनला, गाडी भरली की नेऊ. आमी सगळ्यांनी हात चालवून गाडी भरली. मी बी भरली, मोळ्या वाहून. मग त्याला उसावर निजवला. म्हनलं, आता दवाखान्यात नेत्याल. तर गाडी आधी वजनकाट्यावर गेली. ऊस वाळतोय म्हनून. काट्यावर रांग हुती. आमचा नंबर लागूस्तवर त्यो गेला." तिनं जीभ ओठांवरून फिरवली. "उसासंगं त्याचं बी वजन झालं."

मंगलला हुंदका आला, तो तिनं आवरला नाही. पुढं फाटा दिसायला लागला होता, तिथं हार घेऊन माणसं उभी होती, आणि पंडितनं वेग कमी केला.

"पंडितभाऊ," मंगल म्हणाली, "कुठंच थांबू नका."